वरातीच्या घोडीचे पाय

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वरातीत, सेनगावात, आमच्या गल्लीतल्या घोडीवाल्याची पांढरी घोडी नाचली नाही. बँड जोरात होता. ती चारही पाय टेकून शांत उभी राहिली.

तालुक्यात कुणाच्या वरातीला गेला असाल, तर हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. लाल फेटा, गालात सुपारी, हातात लगाम. कुणाशीही बोलला तरी शेवटी घोडीकडे वळून विचारायचा, "व्हय ना बाई?" हॉटेलात चहा सांगतानाही. गुळाचा खडा आधी तिला, मग चहा त्याला.

घोडी एसटी स्टँडमागच्या काळ्या मातीत बांधलेली असे. पाय पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून तो ते रोज घासून धुवायचा आणि ओलेच सोडायचा. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता खुरांच्या वर, मागच्या खळग्यात, केस चिकटून खपल्या धरल्या. खपल्यांखाली भेगा पडल्या. लग्नसराईत त्यावरच घुंगरांचे चाळ चढले. चाळ घासला की घोडी पाय झटकायची. एक टेकवला की दुसरा उचलायची.

लोक शिट्ट्या मारायचे. "काय ताल धरती, मामा!"

"आमी शिकवलं न्हाई. उपजत हाय. व्हय ना बाई?"

त्या हंगामात तिची एकही तारीख रिकामी गेली नाही.

यंदा पाऊस लागला आणि तिचा मागचा पाय सुजला. जनावरांच्या डॉक्टरांनी खपल्या पाहिल्या. "चिखलानं होतो हा रोग. भिजलेल्या कातडीत जंतू शिरतात. ती नाचत नव्हती, मामा. दुखत होतं तिला."

मामानं खाली बसून तिचा सुजलेला पाय हातात घेतला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पुढचं सांगितलं: कोरड्या जागी बांधा. पायाचे केस कापा. खपल्या औषधाच्या कोमट पाण्यानं भिजवा, सुटतील तेवढ्याच काढा, ओरबाडू नका. पाय पूर्ण कोरडा करून मगच मलम लावा. रोजचं धुणं बंद, चाळ बंद.

त्यानं सगळं केलं. जागेवर मुरूम टाकला. जुना फेटा फाडून तिचा एकेक पाय टिपला. दिवाळीपर्यंत कातडी भरून आली, नवे केस आले. चाळ पुन्हा बांधला, तो कुठं लागला नाही. मग ती सेनगावची वरात.

"घोडी आणली का बाज आणली, मामा?" नवरदेवाचा मेव्हणा म्हणाला. वरात हसली. कुणीतरी घोडीच्या पायाशी फटाका टाकला. ती दचकली, पण नाचली नाही.

दुसऱ्या दिवशी शिरड शहापूरच्या पार्टीचा फोन आला. मी शेजारीच होतो.

"मागच्या सालासारखी नाचल ना? न्हाईतर दुसरी पाहतो."

"नाचल," तो म्हणाला. घोडीला विचारलं नाही.

दुपारी त्यानं तिला मुरमावरून सोडलं आणि नळाच्या सांडपाण्यात बांधलं.

"मामा, काहून? डॉक्टर काय म्हणले होते?"

"ठाव हाय. बराबर ठाव हाय मला." त्यानं बादली घेतली आणि तिचे पाय घासायला लागला.

पंधरा-वीस दिवसांनी शिरड शहापूरची वरात मी पाहिली. घोडी मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत नाचत गेली. नवरदेवाच्या काकानं फेटा उडवला. मांडवापाशी घोडीवाल्यानं चाळ सोडले. ते आतून ओले आणि लाल होते. त्यानं खिशातून गुळाचा खडा काढून तिच्यापुढं धरला. घोडीनं तो खाल्ला.