शाजीच्या आईचं बोलणं

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — देव जाणे.

जपानात, कावासाकी शहरातल्या आमच्या ऑफिसात शाजी होता. उत्तर केरळातला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला ‘चेची’ म्हणायचा, म्हणजे ताई. सुट्टीत गावी जाऊन, स्वतःच्या आईला घेऊन त्याने वीस मिनिटांची मल्याळम फिल्म केली. आमचा सिनेमा आमच्या गावच्या बोलीत बोलतो, असं तावातावाने सांगायचा. जपानी सबटायटल्स माझ्याकडे. माझं जपानी फर्डं ना — सगळे म्हणायचे, आणि मला ते ऐकायला भारी आवडायचं.

शेवटचा प्रसंग पितरांच्या अमावस्येचा. आई गेलेल्या नवऱ्यासाठी आतल्या खोलीत केळीचं पान वाढते. त्यांच्याकडे मासाही चालतो. पितरांनी निवांत जेवावं म्हणून खोलीचं दार लावून घेतात; ते लावण्याआधी ती त्याच्याशी बोलते — मासा खारट झालाय, चालवून घ्या, एकटीला आता चव कळत नाही. शाजीने मला ओळ न् ओळ समजावली होती. न कळण्यासारखं काय होतं त्यात? आपणही पितृपक्षात पान वाढतोच की!

आणि तरी मी — मी ते बदललं. लोक कंटाळतील, असं माझं मीच ठरवलं. ‘मासा खारट झालाय, मुकाट्याने गिळा!’ असं लिहिलं. कजाग बायको आणि कोपऱ्यात दडलेला नवरा. म्हटलं, जरा गंमत.

फिल्म दाखवली त्या छोट्याशा हॉलमध्ये चाळीसेक जपानी माणसं होती. सगळी खो-खो हसली. मला बरं वाटलं — हो, वाटलं, आता काय लपवायचं? मग शेजारी शाजीकडे पाहिलं. त्याला जपानी वाचता येत नव्हतं.

“चेची, का हसले?”

“अरे, यांना आपली माणसं कळतच नाहीत,” मी म्हणाले. त्याने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

आईला दाखवायला म्हणून त्याने मोबाइलवर सगळं टिपलं होतं, ते हसणंसुद्धा. पुढच्या सुट्टीत त्याने पुन्हा कॅमेरा लावला, तर ती समोर बसेना. माझ्या बोलण्याला लोक हसतात, म्हणाली. शेवटपर्यंत बसली नाही. वर्षभरात गेली.

हे त्याने मला स्टेशनवर, रडत सांगितलं. तिचं बोलणं गावाबाहेर न्यायलाच नको होतं, चूक माझीच, म्हणाला.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “असू दे रे,” म्हटलं — मीच त्याला माफ करत असल्यासारखं.