चेहरा साहेबाचा, करंगळी व्याह्यांची

समोरच्याचा चेहरा न बघता नुसते हात बघून सगळं आयुष्य काढलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा ती पोह्यांच्या बश्या घेऊन उभी, आणि हे वाकून तिच्या बोटांकडे बघतायत. माझ्या यजमानांना वाटलं, अंगठीचं माप काढतायत. मला वाटलं, मुलीला कामाची सवय आहे का ते तपासतायत, म्हणून मी ठणकावून सांगितलं, "भाकरी येते तिला." तर हे म्हणाले, "भाकरीचं असू द्या हो. बाळ, हात जरा खुर्चीच्या दांडीवर ठेव बघू. करंगळी सैल सोड." तरीही लग्न ठरलं. पुढे जावयाला आयर्लंडात गॉलवेला नोकरी लागली आणि नात तिथेच झाली. जावयाने सांगलीला फोन केला, तर आजोबांचा पहिला प्रश्न बाळाच्या वजनाचा नाही, सुनेच्या तब्येतीचाही नाही. "करंगळी कशी आहे?" वाकडी आहे म्हटल्यावर त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

ही वाकडी करंगळी त्यांच्या घराण्याची. टोकाशी आत वळते, शेजारच्या बोटाला काहीतरी सांगायला वाकल्यासारखी. त्यांच्या पणजोबांचीही तशीच होती. पणजोबा इंग्रजांच्या काळातले चित्रकार. साहेबांची आणि संस्थानिकांची पुरुषभर उंचीची तैलचित्रं काढायचे. त्यांची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की पोळ्या लाटता लाटता सांगेन. साहेब लोकांना एका जागी बसायचा कंटाळा. अर्धा तास झाला की खिशातून घड्याळ काढायचे. म्हणून पणजोबा कोट, पितळी बटणं, खुर्ची, हात, सगळं घरीच रंगवून ठेवायचे आणि बंगल्यावर जाऊन वर फक्त डोकं बसवायचे. हातांसाठी माणूस कुठून आणणार? स्वतःचाच डावा हात समोर धरायचा आणि उजव्याने रंगवायचा. "चेहरा साहेबाचा, हात आपला," असं म्हणायचे म्हणे. एकदा एका धिप्पाड कलेक्टरासाठी अंग तयार केलं आणि त्याची बदली झाली. नवा आला तो काटकुळा. पणजोबांनी त्याचं डोकं त्याच अंगावर बसवलं आणि वर त्यालाच सांगितलं, "साहेब, इथलं पाणी चांगलं आहे, अंगात भराल." साहेब खूश.

एवढं काम केलेल्या माणसाचं एकही चित्र आज घरात नाही. एक वाळवीने खाल्लं, दोन पुरात गेली, आणि एका संस्थानिकाच्या नातवंडांनी आजोबांना मागून फळी ठोकून त्यांचं कॅरमबोर्डाचं टेबल केलं. उरलं असेल तर एकच, कालव्याच्या साहेबाचं. तो मूळचा आयर्लंडचा. परत जाताना चित्र घेऊन गेला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि पणजोबा चित्रावर सही करायचे नाहीत. साहेबाच्या बुटापाशी आपलं नाव नको, म्हणायचे. आमचे व्याही त्याच कालव्याच्या खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले. मुलाला आयर्लंडात नोकरी लागली तेव्हा सगळे त्याचं अभिनंदन करत होते आणि हे भिंतीकडे बघून म्हणाले, "पणजोबांनी बोलावलं."

नात शाळेत जायला लागल्यापासून आमचे उन्हाळे असे. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली, माझे यजमानही राहिले नाहीत, म्हणून मुलं आम्हा दोघांना एकदमच बोलावतात. विहीण आणि व्याही एका घरात तीन महिने! आमच्या आईने ऐकलं असतं तर जेवण सोडलं असतं. पण यांच्यापासून संकोच वाटायचं कारणच नाही, हे माझ्या मनगटाच्या वर कधी बघतच नाहीत. मी मेथी निवडत बसले की समोर वही घेऊन बसायचं. "विहीणबाई, तुमचे हात बोलतात हो." मी म्हटलं, "हात नाही, मी बोलते. बटाटे सोला." शेजारच्या म्हाताऱ्यालाही सोडलं नाही. त्याचा पंजा कुंपणावर ठेवून घेऊन तासभर चित्र काढलं. पाऊस सुरू झाला तरी तो बिचारा "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत भिजत उभा.

आणि दर शनिवारी जुने वाडे-हवेल्या बघायला जायचं. इथे श्रीमंतांची जुनी घरं तिकीट लावून दाखवतात. मुलगी गाडी चालवणार, नात मागे गाणी लावणार, मी गुडघे चोळणार. आत गेलं की हे प्रत्येक साहेबासमोर कमरेत वाकायचे. एका रखवालदाराला वाटलं, हा आमच्या पूर्वजांना नमस्कार करतोय. त्याने बिचाऱ्याने टोपी काढली. बाहेर येताना यांचा चेहरा उतरलेला. "सगळ्यांच्या करंगळ्या सरळ. काय उपयोग?" एकदा मी चिडून विचारलं, "सापडून तरी काय होणार आहे?" तर म्हणाले, "विहीणबाई, एवढा मोठा माणूस, आणि जगात एका भिंतीवर त्याचं नाव नाही." मी म्हटलं, "माझं तरी कुठे आहे?" मला नंतर वाटलं, बोलायला नको होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात ते ठरवून बसले होते की हे शेवटचं वर्ष, पाय चालेनात. किलकेनीजवळच्या एका घरात गेलो. हे सगळ्या खोल्या वाकून वाकून बघून आले. मी गुडघ्यांमुळे खालीच, चहाच्या खोलीत बाकावर बसून राहिले. बसले म्हणूनच दिसलं. केकच्या काउंटरमागे एक मिशीवाला साहेब टांगला होता आणि काचेच्या बरणीआडून त्याचा डावा हात डोकावत होता. करंगळी आत वळलेली. मी चष्मा पुसला. मग चार खोल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "व्याहीबुवा, इकडे या. तुमचा हात इथे राहिलाय."

ते आले, बघितलं आणि थेट काउंटरच्या मागे गेले. चित्राखाली पाटी होती. मुलीने वाचून दाखवली: चित्रकार अज्ञात. घराची मालकीण माझ्याच वयाची, काठी टेकत आली. व्याह्यांनी आपला हात चित्राशेजारी धरला. मुलीने सगळं समजावून सांगितलं. बाई हसली. म्हणाली, "छे, ते आमच्या पणजोबांचंच बोट. इंडियात घोड्यावरून पडले तेव्हा मोडलं. येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते." व्याह्यांनी हात खाली घेतला.

मला ते बघवेना. मी मुलीला म्हटलं, "तिला विचार, म्हातारपणचा फोटो आहे का साहेबाचा? तिकडे मोडलेलं बोट इकडे येऊन सरळ होत नाही." बाईने अल्बम आणला. साहेब बागेत बसलेला, दोन्ही हात काठीवर. मुलीने मोबाइलवर मोठं करून दाखवलं. दहाच्या दहा बोटं पट्टीसारखी सरळ. बाई बराच वेळ फोटोकडे, मग व्याह्यांच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे घोडा गेला. पण ही गोष्ट जास्त चांगली आहे." आणि नाव लिहून द्या, नवी पाटी करते, म्हणाली. व्याह्यांनी कागदी रुमालावर पणजोबांचं नाव लिहायला घेतलं. आयुष्यभर नकाशे काढलेला हात, पण सहा रुमाल फुकट गेले. मग त्यांनी प्रथमच मान वर करून साहेबाचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "नाक चुकलंय."

पाटी लागली. फोटो आला, तो त्यांनी सगळ्या सांगलीला पाठवला. त्यानंतर शनिवार रिकामे झाले. एका सकाळी चहा पिताना ते माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "विहीणबाई, तुम्हाला चष्मा कधी लागला?" अकरा वर्षं झाली, मी म्हटलं. "असं होय," म्हणाले, आणि जरा वेळाने, "शोभतो."

ते तपासणीसाठी माझ्याआधी सांगलीला परतले, आणि पुढच्या उन्हाळ्यात येणार नाहीत. डॉक्टरांनी विमान बंद केलंय. माझे इथले दोन आठवडे उरलेत. स्वयंपाकघरातल्या कपाटावर, ज्याला नात इथल्या लोकांसारखं प्रेस म्हणते, तिने आजोबांनी काढलेलं एक चित्र चिकटवलंय: मेथी निवडणारे माझे हात. काल कपाट पुसताना जवळून बघितलं. माझ्या डाव्या हाताची करंगळी त्यांनी आत वळलेली काढली आहे. माझी सरळ आहे, जन्मापासून सरळ आहे. फोन करून सांगावं म्हटलं, चूक झालीय तुमची. फोन हातात घेतला, आणि ठेवून दिला. कडेची चिकटपट्टी सुटत आली होती, ती तेवढी दाबून बसवली.