मोठ्या आजीची झाडलेली धावपट्टी

ये वं पोरी, अशी जवळ सरक. समोर नाहीस हे मला कळतं, पण तू बसली आहेस असंच धरून लिहिते, म्हणजे नीट रागावता येतं. त्या दिवशी नागपुरातून विमान घेऊन गेलीस आणि दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणालीस, "उतरलो, माणसं बसली, निघालो. सांगण्यासारखं काय त्यात, आजी?" असं बोलतात का? तू वर काचेमागे होतीस. खाली काय झालं ते तुला कुठं ठाऊक आहे? मोठ्या आजीला दिसलं का, हेसुद्धा विचारलं नाहीस. आता गप ऐक.

माझी मोठी बहीण, म्हणजे तुझी मोठी आजी, आणि मी, दोघी उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातल्या. मला नागपुरात दिलं, तिला दूर एका लहान गावात, तेही मागवाल्यांच्याच घरी. त्या गावाबाहेर एक सरकारी धावपट्टी आहे. कुंपण कधीच आडवं झालं. वर्षातून एखाद्या वेळी कुणा पुढाऱ्याचं लहानसं विमान उतरतं, बाकी दिवस तिथं मिरच्या वाळतात. आणि ज्या थोड्या घरांत माग अजून चालतात, ती माणसं सकाळी उन्हं वर यायच्या आत तिथं ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पसरतात, सुताला खळ लावतात. एवढी लांब, सरळ, सपाट जागा दुसरी कुठं मिळणार?

आता मोठीचे डोळे अधू झालेत. समोरचं पुसून जातं, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आणि कडेचं किती दिवस राहील तेही सांगता येत नाही. तेव्हापासून तिनं एकच धरून ठेवलं. आपली पोरगी, म्हणजे तू, जे मोठं विमान चालवते ते डोळे आहेत तोवर पाहायचं. मी म्हटलं, नागपूरला ये. तर म्हणाली, "मी काहून येऊ? तिलेच इकडे आणाले सांग. पट्टी आहे ना आमच्या इथं."

मग मी तुम्हा दोघींना फोनवर जोडून दिलं, आठवतं ना? तू म्हणालीस, "मोठी आजी, लांबी कमी पडते गं."

"कमी? एकामागं एक किती ताणे बसतात तिथं, मी सोता पसरले आहेत. इतके ताणे बसतात तं एक विमान काहून नाई बसणार?"

तू हसलीस, मीही हसले. ती हसत नव्हती. मग तू तिला पटावं म्हणून आणखी एक सांगितलंस, की पट्टीवर बारीक गोटे असतात, इंजिन ते आत ओढून घेतं आणि बिघडतं. ते सांगायला नको होतं, बाई. थोड्याच दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"पट्टी झाडून झाली. गल्लीतल्या साऱ्या बाया घेऊन गेलती मी. मिरच्या उचलाले लावल्या, गोटे वेचले. आता सांग तिले, ये म्हणावं."

दिसत नाही म्हणून तिनं ते गोटे हातानं चाचपून वेचले होते. मी पुन्हा तुला जोडून दिलं.

त्या संध्याकाळी मात्र तू न हसता सांगितलंस. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते, चुकलं तर सांग. विमान अगदी रिकामं असलं, वारा समोरून असला, तर एखाद वेळी कसंबसं उतरेलही. पण पट्टीचा थर पातळ, त्या वजनानं खचेल. वळायला जागा नाही, पंखांखालची इंजिनं पार मातीच्या कडेला येतील. तेवढी उंच शिडी नाही, आगीचा बंब नाही. आणि उतरलं तरी माणसं आणि तेल भरून पुन्हा उठायला जेवढी धाव लागते, तेवढी तिथं नाहीच.

मोठी म्हणाली, "म्हणजे रेशमाच्या ताण्यावर घोंगडी विणाले बसल्यासारखं होते."

"अगदी तसंच, मोठी आजी."

"मंग असं आधी सांगावं ना वं. साऱ्या गल्लीले झाडाले लावलं मी."

पुढं हजच्या यात्रेकरूंना न्यायला तुझं मोठं विमान नागपुरात येणार असं कळलं, आणि जी बाई येत नव्हती ती एसटीत बसून आली. तुझ्या मामाच्या ओळखीचं घर आहे विमानतळाच्या अंगाला, त्यांच्या गच्चीवर आम्ही संध्याकाळी जाऊन बसलो. एकेक विमान येई, ती विचारी, "हे का?" मी म्हणे, नाही, हे मुंबईचं, हे रोजचंच.

मग तुझं आलं. आधी नुसता एक दिवा. तो तिथंच टांगल्यासारखा, जवळही येईना, विझेही ना. आणि मोठीनं काय केलं, तर तोंड फिरवून वर्धा रोडकडे बघत बसली. घरमालकीण म्हणाली, "आजी, विमान तिकडून येऊन राहिलं, तुम्ही भलतीकडेच पाहून राहिल्या."

"राहू दे वं. समोर पाह्यलं तं पुसून जाते. मी कोपऱ्यानं पाहून राहिली."

काय वाटलं कोण जाणे, मीही तशीच मान वळवली. खरं सांगते पोरी, तसं पाहिलं की आकार नसतोच. आधी उजेड सरकतो, मग आभाळाचा एक तुकडाच जागचा हलतो. एवढं मोठं, आणि किती सावकाश. पाण्याच्या टाकीचं झाकण वाजायला लागलं. मोठीनं दोन्ही तळवे कठड्यावर ठेवले, म्हणाली, "दगडाले बी कळून राहिलं."

चाकं टेकली. मला वाटलं, झालं. पण ते धावतच होतं.

"अजून पळूनच राहिलं का?"

"अजून."

"अजून?"

"हो बाई."

"आमच्या इथं असतं तं मिरच्या तुडवून तुरीच्या वावरात गेलं असतं," ती म्हणाली, आणि मग हात जोडले. मला वाटलं विमानाला जोडले. तर म्हणते कशी, "विमानाले नाई वं. एवढं वजन अंगावर घेते अन् हूं का चूं करत नाई, त्या जमिनीले." मग घरमालकिणीला, ओळख ना पाळख, म्हणाली, "आतमध्ये आमची पोरगी आहे." आणि पदरानं डोळे पुसले, पुसल्यानं तरी नीट दिसायला लागेल म्हणून की काय.

तर हे झालं खाली. विमान पाहून झालं तिचं. आता रोज फोन करून म्हणते, "पोरीचं तोंड राह्यलं पाहाचं." तू पुढ्यात बसलीस की ती दुसरीकडे मान वळवेल, वाईट वाटून घेऊ नकोस, पाहत तुलाच असेल. सुट्टी मिळाली की ये, पण लवकर ये. नागपूरहून आपण दोघी एसटीनं जाऊ. पट्टीवर पुन्हा मिरच्या पसरल्यात.