नानांच्या काठीच्या रिंगा

मासेमारीच्या काठीच्या टोकाच्या रिंगेजवळ पोचलेली दोरी नानांच्या बोटांतून सुटली आणि सगळ्या रिंगांमधून सरसर मागे येऊन त्यांच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलली आणि पुन्हा खालच्या रिंगेपासून सुरुवात केली.

"नाना, दिया हंय. मी ओवतंय."

"तू गप रव."

तारकर्लीला खाडीच्या काठावर, नानांच्याच माडांखाली आम्ही उभे होतो. मी बनवलेली नवी फ्लाय रॉड त्यांच्या ताब्यात द्यायला गेलो होतो. खरं तर कौतुक ऐकायला गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून.

मी मालवणात गरीच्या, म्हणजे गळाच्या, काठ्या बनवतो आणि दुरुस्त करतो. माझे सासरे अजून विचारतात, "तां सगळा बरां आसा, पण नोकरी खंय?" गिऱ्हाइकं बहुतेक बाहेरची, खडकावरून मोठे मासे गरवणारी. नाना वेगळे. ते मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. कुठल्याशा थंड देशात जहाज दुरुस्तीला थांबलं असताना फ्लाय फिशिंग शिकले आणि तो नाद घेऊन गावी आले. पिसांची खोटी मासळी दोरीला बांधून खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहायचे. एकटे. बरोबर कोणी आलेलं चालायचं नाही. चोणक मासा लागला तरी खूश, नाही लागला तरी खूश.

इथे थोडं समजावतो. साध्या गरीला वजन बांधलेलं असतं, ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. फ्लायला वजनच नसतं, पीस ते पीस. म्हणून इथे दोरीच जाड असते, शेवईएवढी, आणि तिचंच वजन फेकायचं असतं. ही दोरी काठीवरच्या ज्या रिंगांमधून जाते त्यांना आम्ही गाइड म्हणतो. मुठीजवळची सगळ्यात मोठी, मग टोकाकडे लहान लहान होत जातात. मोठ्या ठेवल्या तर टोक जड होतं आणि काठी आळशासारखी हलते. लहान ठेवल्या तर दोरीला टोकाचा बारीक धागा जोडणारी गाठ अडकते. आमचा अर्धा धंदा या दोन चुकांच्या मधली जागा शोधण्याचा आहे.

ऑर्डर द्यायला नाना वर्कशॉपात आले तेव्हा त्यांचा उजवा हात पूर्ण वेळ पँटच्या खिशात होता. मला वाटलं, साहेबी रुबाब.

"माका हलकी काठी होयी," ते म्हणाले. "जितकी हलकी करतलंस तितकी बरी."

मी चेकाळलो. दोरी कुठली, मासा कुठला, वारा कुठला, सगळं विचारलं. काठीचं टोक दोऱ्याने खिळ्याला बांधून ती वाकवली आणि दोरी त्या बाकाबरोबर जाईपर्यंत रिंगा पुढेमागे सरकवल्या. टोकाकडे माझ्याजवळच्या सगळ्यात बारीक रिंगा लावल्या. गाठ जेमतेम जाते ना? जाते. मग झालं. काठी इतकी हलकी झाली की मी ती बायकोच्या हातात दिली आणि म्हटलं, "बघ, आसा काय हातात कायतरी?" तिने काठी भिंतीला टेकवली आणि कामाला लागली. तिला असल्या प्रश्नांची सवय आहे.

आणि आता नाना माझ्यासमोर पुन्हा ओवत होते. जाणता माणूस फ्लायची दोरी टोकाने ओवत नाही. टोकाला लीडर नावाचा केसासारखा पारदर्शक धागा असतो, तो धड दिसतही नाही. जाड दोरीच दुमडायची आणि ती दुमड रिंगेतून वर ढकलत जायची. हात सुटला तरी दुमड उघडते आणि रिंगेला अडकून राहते. नानांनी तेच करून पाहिलं होतं. पण माझ्या वरच्या नाजूक रिंगांत दुमड शिरेना. मग त्यांनी टोक ओवायला घेतलं, आणि तेव्हा मला त्यांचा हात दिसला. पानावर बसलेल्या चतुरासारखा थरथरत होता.

"नाना, आज मी ओवतंय. तुमी नुसती फेका."

"दुसऱ्यान ओवलेली काठी घेवन गरवूक मी काय मुंडावळ्यो बांधलेलो नवरो?"

त्यांनी दोरी बाजूला टाकली आणि मोकळी काठी हवेत मागेपुढे फिरवली. मनगट, कोपर, खांदा, सगळं एका लयीत. इतकी सुंदर फेक मी इथे कोणाची पाहिली नव्हती. मग काठी माझ्या हातात दिली.

"घेवन जा. माका एकट्याक जमात अशी करून हाड."

काकी, म्हणजे नानांची बायको, मला सोडायला गेटपर्यंत आली. "कंपवात आसा तेंका. चायचो कप दोनय हातांनी धरूक लागता. तुका सांगूक नाय तेंनी?"

सांगितलं होतं. हलकी काठी मागितली, तेच सांगणं होतं. मी ते स्टाइल म्हणून ऐकलं.

उपाय अवघड नव्हता. एका पायाच्या रिंगा मिळतात. नेहमीची रिंग दोन पायांवर उभी असते, दोन्हीकडे दोरा गुंडाळा, दोन्हीकडे इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा गोंद, लावा. एक पाय गेला की तेवढा दोरा आणि इपॉक्सी वाचते. वाचलेल्या वजनात घेर वाढवता येतो. दुमड आरामात जाईल असा घेर मी धरला आणि रिंगा मागवल्या. त्या यायलाच काही महिने लागले. जुन्या रिंगा ब्लेडने कापून काढताना काठीला ओरखडा पडू नये म्हणून जीव मुठीत. वर श्रावणातली ओलसर हवा. इपॉक्सी सुकेना, बोट लावलं की चिकट. नानांचा फोन यायचा.

"झाली?"

"होतली."

मग फोन यायचे थांबले.

अखेर काठी घेऊन गेलो. नानांनी माडाला पाठ टेकली, दोरी दुमडली आणि ओवायला लागले. मी मदत करू नये म्हणून हात मागे बांधून उभा होतो. काकी लांबवर माडाच्या पडलेल्या झावळ्यांची चुडतं गोळा करण्याचं नाटक करत होती. अर्ध्यावर दोरी सुटली. दुमड उघडली, रिंगेला अडकली आणि थांबली.

"ऱ्हवली! बघ गो, ऱ्हवली!" नाना ओरडले. काकीने चुडतं टाकून पदराने तोंड पुसलं.

सगळ्या रिंगा त्यांनी एकट्याने ओवल्या. मग पाण्यात गेले आणि काठी उचलली. खांदा मागे गेला, पण हात वर येईना. दोरीची वेटोळी त्यांच्या गुडघ्यापाशी पडली. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी काठी उचललीच नाही.

"काठी बरी आसा," ते म्हणाले. "काठीत कायएक खोट नाय."

आधीच्या खेपेला फेकणारा हात होता, ओवणारा नव्हता. आता ओवता आलं, तर फेकणारा गेला होता. मधले दिवस माझ्या बारीक रिंगांनी खाल्ले.

"आता तू टाक," नाना म्हणाले.

मी काठ्या बनवतो, मला फेकता येत नाही. एकदा फेकली आणि फ्लाय माझ्याच शर्टाच्या पाठीत रुतली.

"मेल्या, सोताकच गरवलंस!" नाना खूप हसले. हसता हसता पाण्यातच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ. मी गरी सोडवत असल्यासारखं करत राहिलो.

त्यानंतर ते खाडीत उतरले नाहीत. काकी सांगते, संध्याकाळी पडवीत बसून काठी ओवतात आणि दोरी काढून ठेवतात.

आता ऑर्डर घेण्याआधी मी गिऱ्हाइकाच्या हातात रिंगा लावलेला एक तुकडा आणि थोडी दोरी देतो. म्हणतो, ओवा, आणि हात बघतो. लोकांना ती चेष्टा वाटते. "अहो, माप दोरीचं घ्या ना," म्हणतात. घेतो. पण नंतर.