गोदामातलं एकमाणशी यान

यान पुन्हा उजवीकडे वळलं. समोरच्या लोखंडी चौकटीवर एक बोल्ट होता, तेवढा पकडायचा होता. यान सरळ निघालं, हातभर पुढे गेलं आणि हळूहळू नाक फिरवून भिंतीकडे तोंड करून थांबलं, रुसल्यासारखं. हेडफोनमधून गजाननचा आवाज आला, "ताई, हे जनावर उजव्या अंगानं वढून राह्यलं." मी डोक्याला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. कालही हेच चाललं होतं.

यान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अग्निबाण येतो. आमचं यान गोदरेजच्या कपाटाहून थोडं मोठं. आत एक सीट, समोर गोल काच, बाहेर दोन यांत्रिक हात. ऑफिसात त्याला पॉड म्हणतात. रिसोडला माझ्या भावाच्या गोदामात ते उतरवलं त्या दिवसापासून त्याचं नाव डबा पडलं, आणि मीही डबाच म्हणायला लागले.

हा डबा कशासाठी, ते सांगते. अंतराळस्थानकाच्या बाहेर काही बिघडलं की माणसाला स्पेससूट घालून बाहेर जावं लागतं. सूटमध्ये हवा भरलेली असते. सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये हात घालून स्क्रू फिरवायचा, असलं ते काम. बोटं वाकवायलाही जोर लागतो. सूट निदान वाकावा म्हणून आतला दाब कमी ठेवतात, आणि एकदम कमी दाबात गेलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. म्हणून निघण्याआधी कितीतरी वेळ नुसता ऑक्सिजन घेत बसावं लागतं. डब्यात ही भानगड नाही. आतला दाब स्थानकाइतकाच. बसा, दार लावा, निघा. काम बाहेरचे हात करतात, आपण आत लिव्हर हलवायचे.

मी आधी आमच्याच कंपनीत सूटच्या टीममध्ये होते. हातमोज्यांच्या चाचण्या चालायच्या. चाचणी देणाऱ्या एका मुलीची नखं मोजा काढल्यावर काळीनिळी झालेली मी पाहिली. ती म्हणाली, चालतं मॅडम, सवय होते. मला काही ते चाललं नाही. मी डब्याच्या टीममध्ये बदली मागून घेतली, तेव्हापासून हा डबा माझ्या जिवाला लागलेला आहे.

आता अंतराळातलं यान रिसोडच्या गोदामात कसं, तर पुण्यातला आमचा मोठा हॉल सूटवाल्यांनी अडवून ठेवला होता. आम्हाला गुळगुळीत, सपाट, मोठी फरशी हवी होती. डब्याच्या पायांखालून दाबाने हवा सोडतात, त्यामुळे तो फरशीला न टेकता तरंगतो आणि कॅरमच्या पावडर टाकलेल्या बोर्डावर स्ट्रायकर सरकतो तसा सरकतो. जरा ढकललं की चालला. दादाचं नवीन गोदाम त्या वेळी रिकामं होतं. माहेर अनसिंगचं, पण दादाचं घर रिसोडलाच, त्यामुळे राहण्याची सोयही होती. आमच्या पुण्याच्या विभागप्रमुख सरांना वाटलं प्रश्न सुटला. सरांनी सोयाबीनच्या हंगामात रिसोड पाहिलेलं नाही. समोरून ट्रॉल्या जायच्या आणि भुसकट थेट फरशीवर. दिवसातून दहादा पुसायचं. चपला बाहेर काढा म्हणून सांगायचं. लोक चपला काढायचे आणि धुळीने भरलेल्या पायांनी आत यायचे.

चालवायला गजानन होता. जेसीबीवर शेततळी खोदणारा, पंचक्रोशीत हात चांगला म्हणून नाव. इंजिनिअर लोक आपलंच मशीन फार जपून चालवतात, म्हणून सरांना लिव्हरची सवय असलेला पण बाहेरचा माणूस हवा होता. मी शेजारच्या छोट्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसायचे, कारण कॉम्प्युटरला भुसकट चालत नाही. गजाननला बसवून मागचं दार लावण्याचं काम दादाकडे. मला स्क्रीनवर डब्याचं पुढचं तोंड दिसायचं, आतल्या कॅमेऱ्यात गजाननचा चेहरा दिसायचा आणि हेडफोनमध्ये त्याची बडबड यायची. बडबड अखंड चालायची. आता घेतो, थांब जरा, हाण, बस. एकट्याने काम करणाऱ्यांना स्वतःशी बोलायची सवय लागते, असं मी समजून चालले.

डबा वळतो म्हटल्यावर मी हवेचे झोत तपासले. ठीक होते. फरशी पाण्याच्या लेव्हलने तपासली. ठीक होती. सॉफ्टवेअर ओळीन् ओळ वाचलं. शेवटी मी स्वतः आत बसले आणि डबा सुतासारखा सरळ गेला. पुन्हा गजानन बसला, पुन्हा उजवीकडे. म्हणजे दोष गजाननच्या हाताचा. जेसीबीच्या सवयीने उजवा हात जड पडत असणार, असं मी ठरवलं आणि उजव्या लिव्हरचा जोर कमी केला. तरी उजवीकडे. आणखी कमी केला. गजानन म्हणाला, "ताई, आता तं हे लिव्हर मेल्यावानी झालं."

संध्याकाळी सरांचा फोन आला. मी खरं ते सांगितलं.

"म्हणजे ट्रेन केलेल्या इंजिनिअरलाच चालवता येतो," सर म्हणाले.

"तसं नाही सर. ऑपरेटरच्या हाताचा प्रश्न आहे."

"ऑपरेटरच्या हाताला चालत नसेल तर डबा कशाला? सूट काय वाईट आहे? परवा मी येतोय. सरळ जाऊन बोल्ट काढला तर पुढे बघू. नाहीतर प्रोजेक्ट बंद करू आणि तुम्ही सगळे सूटकडे या."

फोन ठेवल्यावर मला रडू येईल असं वाटलं. ते येऊ नये म्हणून मी दादावर ओरडले की गोदामाचं शटर कुणी उघडं ठेवलं. शटर बंदच होतं. दादा चहा सांगायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी आतला कॅमेरा खाली वळवला. गजाननचा चेहरा बघून काही कळत नव्हतं, त्याची उजव्या लिव्हरवरची पकड बघायची होती. चाचणी सुरू झाली. स्क्रीनवर त्याचे दोन्ही हात दिसत होते. डावा डाव्या लिव्हरवर, उजवा उजव्या लिव्हरवर. पकड अगदी हलकी होती. मी पुढे वाकून बघतेय, तेवढ्यात उजव्या बाजूने तिसरा हात आला. त्या हातात प्लास्टिकच्या कागदात चोळलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. गजाननने डावा हात काढून चिमूटभर घेतला, तोंडात टाकला आणि हात पुन्हा लिव्हरवर ठेवला. तिसरा हात आला तसा निघून गेला.

मी हेडफोन टेबलावर टाकला आणि पायात चपला तशाच ठेवून त्या पुसलेल्या फरशीवरून धावत गेले. मागचं दार उघडलं. सीटच्या मागे उजव्या अंगाला ऑक्सिजनच्या टाकीची जागा आहे. टाकी अजून आली नव्हती, म्हणून ती रिकामी होती, आणि ती रिकामी धरूनच आम्ही डब्याचा तोल जुळवला होता. त्या जागेत गजाननच्या गावचे नामदेवकाका गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. अंगाने काटकुळे, पण माणूस तो माणूसच. एका बाजूला एवढं वजन बसवलं आणि मधोमध ढकललं, तर डबा जड बाजूकडे वळणार नाही तर काय करणार.

"काका, तुम्ही इथं काय करताय?"

"बसून राह्यलो," काका म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पुण्याची माझी सगळी भाषा गळून पडली. मी गजाननला विचारलं, "अरे, एका माणसाची जागा हाये म्हून पह्यल्या दिवशी सांगतलं नोतं का तुले? यायले काहून घेतलं मंधात?"

गजाननला माझा राग समजलाच नाही. त्याच्या जेसीबीवर काका कायम सोबत असतात. मागचं बघतात, हाक मारतात, बोलत राहतात. आमच्याकडे ट्रॅक्टर निघाला तरी मडगार्डवर कुणीतरी बसतोच. एकट्याने निघालेल्या माणसाला लोक थांबवून विचारतात, सोबत कोणी नाही का. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच मडगार्डवर बसून शाळेत गेले आहे.

मी दादाकडे वळले. दार तोच लावायचा.

"तुले माहीत होतं?"

"सगळ्याइले माहीत होतं," दादा म्हणाला. "तू इचारलंच नाही."

दोन दिवस मी सॉफ्टवेअर वाचत बसले होते आणि बाहेर चहावाल्यालासुद्धा माहीत होतं की डब्यात दोघं बसतात. मी काकांना बाहेर काढलं, उजव्या लिव्हरचा जोर परत होता तसा केला आणि गजाननला म्हटलं, चल, आता एकटा बस.

तो नाही म्हणाला. शांतपणे नाही म्हणाला. "ताई, तुमी माणसाले आत घालता, मांगून कडी लावता. मले चक्कर आली तं? तिकडं वर तं कोनीच नाही. मंग वापस कोन आनन?"

सूट घालून माणसं बाहेर जातात तेव्हा नेहमी दोघं जातात. एकाला काही झालं तर दुसरा त्याला ओढून आणतो. आमच्या डब्याची सगळी जाहिरात एकाच माणसावर होती. तो आत बेशुद्ध पडला तर स्थानकातून डबा परत ओढून घ्यायची सोय आमच्या आराखड्यात होती, पण फेज टूमध्ये. फेज टू म्हणजे आमच्याकडे कधीच नाही.

समजावलं, विनवलं, शेवटी ओरडले. गजानन हलेना. उद्या सर येणार होते. शेवटी मला माझ्या टेबलावरची जॉयस्टिक आठवली. डबा भिंतीवर आदळायला लागला तर मी तो मागे घ्यावा, म्हणून ती ठेवलेली होती. ती ओढली की यांत्रिक हातांची पकड सुटते आणि डबा मागे येतो. मी काकांना खुर्चीवर बसवलं, कानावर हेडफोन चढवला, जॉयस्टिक हातात दिली आणि म्हटलं, गजाननला काही झालं तरच ओढायची, एरवी हात लावायचा नाही. काकांनी ओढून पाहिली. डबा मागे आला. गजाननने ते पाहिलं आणि मुकाट्याने आत जाऊन बसला.

सर आले. मोजे काढून अनवाणी फिरले, तेवढं मला बरं वाटलं. मी गजाननला आधीच बजावून ठेवलं होतं, सरांसमोर बडबड करायची नाही, फक्त काम.

डबा निघाला आणि सरळ गेला. डाव्या हाताने चौकटीची मूठ धरली, उजव्या हाताने पाना बोल्टवर बसवला. बोल्ट फिरायला लागला. सर स्क्रीनकडे झुकले. बोल्ट अर्धा बाहेर आला आणि एकाएकी डब्याने दोन्ही पकडी सोडल्या, मागे मागे येत दारापाशी येऊन थांबला. पाना बोल्टवर लटकत राहिला.

मी काकांकडे पाहिलं. जॉयस्टिक पोटाशी ओढून बसले होते.

"काका, काहून आनला?"

"बोलत नोता तो," काका म्हणाले. "मंगापासून एक शबद नाही. म्हून आनला वापस."

त्या क्षणी मला काकांना त्यांच्या खुर्चीसकट सोयाबीनच्या ट्रॉलीत टाकावंसं वाटलं. गजानन दार ठोकत ओरडत होता की मी चांगला आहे, मला कायले आणलं. सरांनी काकांच्या हातातल्या जॉयस्टिककडे पाहिलं.

"हे परत आणायचं फेज टूमध्ये होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आता कुठे आहे?"

"काकांच्या हातात," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते.

सर म्हणाले, पुन्हा करा. या वेळी मी गजाननला हवं तेवढं बोलायला सांगितलं. त्याने सोयाबीनच्या भावापासून साळ्याच्या लग्नापर्यंत सगळं सांगितलं, काका हं हं करत राहिले आणि बोल्ट निघाला. चौकटीतून तो सुटला तेव्हा मी सरांसमोरच डोळे पुसले. भुसकटाचं कारण सांगायची गरज वाटली नाही.

प्रोजेक्ट बंद झाला नाही. स्थानकातून डबा ओढून घ्यायची सोय फेज वनमध्ये आली, आणि आतल्या माणसाचा आवाज बराच वेळ आला नाही तर स्थानकात घंटा वाजेल, असंही ठरलं. पुढच्या मीटिंगमध्ये सरांनी ही कल्पना आपल्याला कशी सुचली ते सविस्तर सांगितलं. मी ऐकून घेतलं. नामदेवकाका आहेत कोण हे मीटिंगमध्ये कुणाला समजावत बसले असते तर दिवस गेला असता.

आता पुण्याच्या हॉलमध्ये चाचणी असते. आमच्या चेकलिस्टमध्ये मी दोन प्रश्न सगळ्यात वर घातले आहेत. पहिला, आत किती जण आहेत. तो वाचताना नवीन इंजिनिअर हसतात. दुसरा, त्याला परत कोण आणणार. त्याला कुणी हसत नाही, आणि त्याचं उत्तर नावानिशी मिळेपर्यंत मी दार लावू देत नाही.