नंबरवाला कीबोर्ड

मी लिहितो आहे याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात लिहिलेलं जे काही आहे, रेशनकार्ड, सातबारा, जातीचा दाखला, ते सगळं दुसऱ्या कुणीतरी लिहून वर शिक्का मारलेलं आहे. आपण होऊन काही लिहायचं आणि त्यावर शिक्का नसायचा, याची मला सवय नाही. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. वाक्य लिहून झालं की कुणीतरी तपासून देईल म्हणून अजून वाट पाहतो. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांच्याविषयी माझ्या मनात फारसं चांगलं नाही, आणि त्यांच्यात मीही आलो. तरी लिहितो, कारण या प्रकरणाची एक बाजू आमच्याच अंकात छापून आली आणि ती खोटी आहे.

अंक म्हणजे फॅनझिन. हा शब्द मी चंद्रपूरला होस्टेलवर आल्यावर ऐकला. एखाद्या गोष्टीचं वेड असलेल्या लोकांनी, कुणी सांगितलेलं नसताना, बिनपगारी लिहून, झेरॉक्स काढून, स्टेपल मारून वाटलेलं मासिक. आमचं वेड जुन्या कॉम्प्युटरचं. ‘आमचं’ म्हणजे खरं तर संपादकाचं. संपादक माझा वर्गमित्र, भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेला. दिवाळीत घर झाडताना माळ्यावरून वडिलांचा जुना कॉम्प्युटर फ्लॉपीसकट खाली आला आणि याला एकदम भूतकाळ झाला. त्या काळी फ्लॉपी होती, त्या काळी स्क्रीन हिरवी होती, असं तो कॅन्टीनमध्ये हळव्या आवाजात सांगायचा. त्या काळी हा जन्मलाही नव्हता.

पहिल्या बैठकीला तिघं होतो. संपादक, मी आणि राजुऱ्याची एक वर्गमैत्रीण, जिचा चित्रकलेचा हात चांगला होता. तिनं सरळ विचारलं, “हे वाचणार कोण?”

“जगभर लोकं आहेत यातले,” संपादक म्हणाला. “आपल्याले माहीत नाई फक्त.”

“मंग चहा बी जगच पाजन का?”

मग तो माझ्याकडे वळला. “तुमच्या गावाकडं असन ना बे एखादा. तुमच्याकडं सगळं जुनंच राह्यते.”

याचा राग यायला हवा होता. मला आनंद झाला. आपल्याकडंही एक वस्तू आहे जी या लोकांना हवी आहे, एवढंच मला ऐकू आलं. मी आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगून टाकली.

माझं गाव आरमोरीच्या बाजूला. शाळा जिल्हा परिषदेची. कुठल्याशा योजनेत तिथे एक कॉम्प्युटर आला होता, पण मी सहावीत पोहोचेपर्यंत विजेच्या कमी-जास्त दाबानं तो बंद पडला होता. तो ज्यांच्या ताब्यात होता त्या बाईंनी जुन्या लुगड्याचं त्याला कव्हर शिवलं होतं. शुक्रवारी दोन तास कॉम्प्युटरचे. कव्हर निघायचं, आम्ही पाचसहा जण भोवती बसायचो आणि एकेकानं बटण दाबायचं. स्क्रीन काळीच. बाई मागे उभ्या राहून, काय उमटलं असतं ते सांगायच्या. “आता ‘क’ आला. आता त्याच्यापुढं ‘म’ आला. आता तू मिटवला.” चूक झाली तर म्हणायच्या, “पाय, काय लिहिलं तू ते,” आणि आम्ही खरोखर काळ्या काचेकडे पाहायचो. पुढे आरमोरीच्या क्लासमध्ये चालू कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसलो तेव्हा माझ्या बोटांना सगळी अक्षरं माहीत होती. मला फक्त ती दिसायची सवय नव्हती.

कीबोर्ड जाड होता, पिवळा पडलेला, खट् खट् वाजणारा. उलटा केला की खाली पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: डे. स्टॉ. १४.

ते काय, असं संपादकानं विचारलं. मी सांगितलं की सरकारी शाळेत खुर्ची, कपाट, घंटा असल्या न संपणाऱ्या वस्तूंचं एक रजिस्टर असतं, त्याला डेडस्टॉक म्हणतात. वस्तू मोडली तरी चालतं, पण वरून निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढण्याचा आदेश येईपर्यंत ती जागेवर असावी लागते. तोपर्यंत कुणा एकाच्या नावावर तिचा चार्ज असतो. दरवर्षी मोजणीला नंबर दाखवावा लागतो.

संपादकानं टेबलावर हात आपटला. “भेटलं नाव. डेडस्टॉक.”

असं आमच्या फॅनझिनचं बारसं झालं. त्याला त्यात काव्य दिसलं. दुसऱ्या कुणाच्या तरी काळजीचं नाव आपण मुखपृष्ठावर घेतो आहोत, हे त्याला कळण्याचं काही कारण नव्हतं. मला कळायला हवं होतं.

आम्ही दोघं एसटीनं गावी गेलो. बाईंच्या निवृत्तीला तेव्हा सहा महिने उरले होते. त्यांनी कव्हर काढून दाखवलं.

“पाहा, फोटो काढा. पण शाळेच्या बाहेर नाई जाणार. माह्या नावावर चार्ज आहे.”

मग त्यांनी अडचण सांगितली. निवृत्त होण्याआधी रजिस्टरातली प्रत्येक वस्तू नव्या सरांच्या सहीनं त्यांच्या हवाली करायची होती, तेव्हाच पेन्शनचे कागद पुढे सरकणार होते. नवे सर घंटा घ्यायला तयार होते, मोडकं कपाटही घ्यायला तयार होते. “कॉम्प्युटरले नाई म्हणते. बंद मशीन मी माह्या नावावर काऊन घेऊ म्हणते. चालू करून द्या, मंग सही करतो.”

“म्याडम, टेन्शनच नका घेऊ,” संपादक म्हणाला. “चालू करून आणून देतो. एक महिना.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, “तू आहे ना बाबू सोबत?”

मी हो म्हणालो. पावती लिहून दिली: मॉनिटर एक, सीपीयू एक, कीबोर्ड एक, माऊस एक. बाईंनी वाचली, ‘मॉनीटर’मधली दुसरी वेलांटी पहिली करायला लावली आणि मग रजिस्टरात ठेवली.

एक महिना अंकातच गेला. कॉम्प्युटर उघडून त्याचे भाग चादरीवर मांडले, मुखपृष्ठासाठी फोटो काढला. राजुऱ्याच्या मैत्रिणीनं प्रत्येक भागाचं इतकं नेमकं चित्र काढलं की त्या अंकात पाहण्यासारखं तेवढंच आहे. बाकी सोळा पानांत संपादकाचे तीन लेख, तीन वेगवेगळ्या नावांनी. घडी चुकल्यामुळे पाचव्या पानानंतर बारावं पान आलं आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, यावरून कुणी किती वाचलं ते समजावं. माझा लेख घेतला नाही. “बंद कॉम्प्युटरवर शिकलो म्हणतो तू. यात हार्डवेअर कुठी आहे?” असं संपादकाचं म्हणणं पडलं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वीजपुरवठ्याच्या डब्यातले फुगलेले भाग त्यानं बदलले आणि कॉम्प्युटर चालू झाला. मी कीबोर्डवर ‘क’ दाबला आणि स्क्रीनवर ‘क’ उमटला. बाईंनी सांगितला होता तोच.

मुखपृष्ठ इंटरनेटवर टाकल्यावर पुण्याहून एका संग्राहकाचा निरोप आला. हे गृहस्थ जुने कीबोर्ड जमवतात. त्यांनी आमचं फार कौतुक केलं, दोन परिच्छेदांची प्रस्तावना लिहून पाठवली, आणि त्या कीबोर्डवर त्यांना ‘ग्रामीण भारताच्या बोटांचे ठसे’ दिसले. ती बोटं कुणाची होती हे त्यांनी विचारलं नाही. स्नेहाची खूण म्हणून तो कीबोर्ड द्यावा, बदल्यात ते शाळेला कोराकरकरीत पाठवतील, असं सुचवलं.

मला कळलं तेव्हा जुना कुरिअरनं गेला होता आणि नवा खोक्यात येऊन पडला होता.

“बाईले विचारलं का?” मी म्हणालो.

“अबे, फुकटात नवा भेटून राह्यला. खुश होईन ते.”

याला जास्त कळत असेल, असं वाटलं. कॉलनीतल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे मी कुणी न शिकवताच शिकलो होतो, आणि ते इतर सगळ्या धड्यांपेक्षा पक्कं होतं.

शाळेत आम्ही सगळं जोडून दिलं. स्क्रीन उजळली. बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि हसल्या. मग त्यांनी चष्मा चढवला, मॉनिटरचा नंबर पाहिला, सीपीयूचा पाहिला, माऊसचा पाहिला, आणि कीबोर्ड उलटा केला. खाली काळंभोर कोरं प्लास्टिक.

“याचा नंबर कुठी आहे?”

“म्याडम, नवा आहे तो,” संपादक म्हणाला. “पैल्यापेक्षा चांगला.”

“चांगला मले कायले पायजे? नंबरवाला पायजे.”

“मंग टाकून देतो ना. व्हाइटनर आहे माह्या बॅगेत. चौदाच ना?”

बाईंनी कीबोर्ड टेबलावर सुलटा ठेवला. “इतके वर्षं पोरायले सांगतलं का, जे आलं नाई ते आलं म्हणू नका. आता जाता जाता मी नंबर लिहू?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पावती तुझी आहे बाबू.”

एवढंच बोलल्या. परतताना एसटीत संपादक म्हणाला, बाई जरा जुन्या वळणाच्या आहेत. जुन्या वस्तूंचं मासिक काढणारा माणूस हे म्हणाला.

बाई निवृत्त झाल्या. नव्या सरांनी बाकी सगळ्या ओळींसमोर सही केली आणि चौदा नंबरची ओळ कोरी ठेवली. त्या एका ओळीपायी सगळे कागद थांबले. मी पुण्याच्या संग्राहकांना सविस्तर कळवलं, दोनदा. त्यांचं उत्तर आलं की वस्तू योग्य हातांत पोहोचली आहे, काळजी नसावी. त्याच आठवड्यात त्यांनी कीबोर्डचा उलटा फोटो इंटरनेटवर टाकला. पांढरा नंबर अगदी स्वच्छ दिसत होता. खाली लोकांनी त्यांना नशीबवान म्हटलं होतं.

आणि आमच्या दुसऱ्या अंकात संपादकीय आलं की, ‘एका दुर्गम शाळेने आनंदाने भेट दिलेला कीबोर्ड आता जाणत्या संग्रहात विसावला आहे.’ आरमोरीपासून ती शाळा सायकलच्या अंतरावर आहे. दुर्गम कुणाला आणि आनंद कुणाला, हे मी संपादकाला विचारलं. तो म्हणाला, “तू लय मनावर घेतो.” राजुऱ्याच्या मैत्रिणीनं तिची चित्रं परत मागितली. मी अंक सोडला. सोडताना फारसं काही सोडावं लागलं नाही, कारण माझं एक वाक्यही त्यात नव्हतं.

त्यानंतर, परीक्षेची उत्तरं आणि तो न छापलेला लेख सोडला तर, मी पहिल्यांदा स्वतःचं असं काही लिहिलं, तो बाईंसाठी केलेला अर्ज. कीबोर्ड माझ्या पावतीवर शाळेबाहेर गेला आणि जबाबदारी माझी आहे, असं मी त्यात लिहिलं. बाईंनी ती ओळ खोडायला सांगितली, मी खोडली नाही. सुट्टी मिळाली की आम्ही तालुक्याच्या कार्यालयात जायचो. बाई रजिस्टर पिशवीत घालून बाकावर बसायच्या. आतून दर वेळी जुनी फाइल शोधायला सांगितली आहे एवढंच कळायचं.

परवा वर्गात असताना बाईंचा फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात आलो.

“फाइल भेटली बाबू. कागद सरकले.”

“कीबोर्डाचं काय झालं मंग?”

“तो पूर्ण सेटच निर्लेखित आहे म्हणते. कधीचाच. आदेश निघाला होता, शाळेले प्रत धाडाची राहून गेली. तू सातवीत होता ना, त्याच्या आदल्या वर्षीची तारीख आहे.”

मी हिशेब लावून पाहिला. आम्ही भोवती बसून ‘क’ आणि ‘म’ दाबत होतो तेव्हाही कागदावर तो कॉम्प्युटर तिथे नव्हता. बाईंनी दरवर्षी मोजणीला त्याचा नंबर दाखवला होता, तपासणाऱ्यांनी खूण केली होती. आता त्या पुण्याच्या माणसाकडे मागायलाही काही उरलं नाही, असं काहीतरी मी म्हणालो.

“काऊन नाई?” बाई म्हणाल्या. “इतके दिवस चार्ज होता म्हणून मागत होतो. आता कोणाचाच नाई तो. आता मले पायजे म्हणून पायजे. लिही त्याले.”