गादीवाल्याची पाठ

दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमच्या गादीवर पाठ दुखत नाही.’ आणि नेमकी गादीवाल्याचीच पाठ दुखायला लागली. ही गोष्ट बाहेर फुटली तर दुकानात कुत्रंही फिरकायचं नाही. म्हणून बिचारा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत राहिला. वाकलेला बघून कुणी विचारलंच, तर म्हणे सुई पडली आहे, ती शोधतोय. एकदा दोन भली गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर जमिनीवर बसून ती नसलेली सुई शोधत राहिली.

घरची गादी त्याने पुन्हा पुन्हा उसवून भरली. आधी मऊ, मग घट्ट. पाठ मात्र ढिम्म. आडवं पडल्यावरही ठणका थांबेना, संध्याकाळी अंगात कणकण. शेवटी बायकोने दंडाला धरून दवाखान्यात नेलं. वाटभर त्याला एकच धास्ती, डॉक्टर गादीचं नाव घेणार आणि आपलं दुकान बसणार.

डॉक्टरीणबाईंनी मणक्यावर बोटाने हलकेच ठोकलं, तर गडी छताला टेकायचाच बाकी राहिला. रक्त तपासलं, एमआरआय काढला. मणक्यात जंतू शिरले होते. ते कोणत्या जातीचे हे कळावं म्हणून सुईने मणक्यातला नमुना काढला आणि मग नेमकं औषध शिरेतून सुरू केलं. चांगले सहा आठवडे. अजून अंगावर काढलं असतं तर पाय लुळे पडले असते, असं बाईंनी सुनावलं, तेव्हा मात्र त्याची बोबडी वळली. बायको तर रडायलाच लागली.

जरा धीर आल्यावर त्याने हळूच विचारलं, “म्हणजे गादीचा दोष नाही ना?”

“गादीचा काही दोष नाही. मध्यंतरी कुठे जखम झाली होती का?”

त्याने ओशाळून अंगठा पुढे केला. गादी शिवताना मोठी सुई घुसली होती. अंगठा पिकला, तरी चिंधी गुंडाळून स्वारी शिवतच राहिली. जंतू तिथूनच रक्तात गेले असणार, असं बाई म्हणाल्या.

बायकोने डोळे पुसले. “घ्या, सापडली एकदाची तुमची सुई.”

पुढे तो ताठ चालत दुकानात परतला. पाटी तीच ठेवली, फक्त खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली, ‘जंतूंची हमी नाही.’